‘कृष्णद्रव्याचा शोध’: घेतला की लागला?

फोंड्याच्या एका शिक्षिकांनी विचारले आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर ‘खाणीच्या पोटात कृष्णद्रव्याचा शोध’ असे लिहिले, तर मुले म्हणाली, ‘म्हणजे सापडले?’ शीर्षक चुकले का? (कृष्णद्रव्य म्हणजे ‘डार्क मॅटर’: प्रकाश देत नाही, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवते असे अदृश्य द्रव्य.)

व्याकरणाने नाही, पण अर्थ लोंबकळतो. मराठीत हुडकणे तोही ‘शोध’ आणि सापडणे तोही ‘शोध’. फरक क्रियापद करते. शोध घेतात, शोध लागतो. शीर्षकात क्रियापद गाळले की वाचक आपल्या सोयीचा अर्थ घेतो. कोकणीत ही अडचण नाही, सोदप वेगळे नि मेळप वेगळे. ‘सोदलें, पूण मेळूंक ना’ ही कृष्णद्रव्य हुडकणाऱ्या प्रयोगांची आजची नेमकी स्थिती.

कशाचा शोध, तेही लिहावे. कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या खुणा १९३३ पासून, खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ त्स्विकींच्या दीर्घिकासमूहाच्या (आकाशगंगांच्या पुंजक्याच्या) अभ्यासापासून मिळत आल्या आहेत. हाती लागलेले नाहीत ते त्याचे कण. म्हणून ‘कृष्णद्रव्याच्या कणांचा शोध सुरू’ असे लिहा.

‘लागला’ केव्हा म्हणायचे? अमेरिकेच्या दक्षिण डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खाली, ‘लक्स-झेप्लिन’ या प्रयोगात सात टन द्रव झेनॉनवर (द्रवरूप केलेल्या निष्क्रिय वायूवर) पाळत असते. कण आदळून झेनॉनच्या अणूला धक्का बसला की आधी क्षीण चमक उठते. सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने वर खेचले जातात आणि वरच्या वायूत दुसरी, मोठी चमक होते. दोन चमकांमधल्या वेळेवरून धक्क्याची खोली कळते. त्यांच्या प्रमाणावरून धक्का अणुकेंद्राला की इलेक्ट्रॉनला, याचा अंदाज येतो. अशी जोडी दिसली तरी ती फक्त ‘घटना’. उपकरणाच्या धातूतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही घटना घडवतो.

इथे घाई फार नडते. इटलीतल्या ग्रान सास्सो या भूमिगत प्रयोगशाळेतल्या ‘झेनॉन-१टी’ प्रयोगाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनांना बसलेल्या कमी ऊर्जेच्या धक्क्यांत २३२ घटना अपेक्षित असताना २८५ मोजल्या. शास्त्रज्ञांनी ‘शोध लागला’ म्हटले नाही, ‘वाढावा दिसतो’ म्हटले, आणि ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) अंशाची शंकाही सोबत मांडली. २०२२ मध्ये अधिक स्वच्छ ‘झेनॉन-एनटी’त तो वाढावा दिसलाच नाही. ‘लागला’साठी कणभौतिकीत पाच सिग्मांची (सिग्मा हे संख्याशास्त्रातले विचलनाचे माप) अट आहे: निव्वळ योगायोगाने तेवढा वाढावा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक.

‘काहीच मिळाले नाही’ हेही टाळा. ‘अमुक वस्तुमानाचे कण असलेच, तर झेनॉनला याहून जास्त वेळा धडकत नाहीत’ अशी मर्यादा प्रत्येक प्रयोग ठरवतो. त्यासाठी ‘वरची मर्यादा’ हा शब्द पुरेसा आहे.