ट्रायच्या खुल्या चर्चेला सामान्य ग्राहक जाऊ शकतो का? आपण बोलून काही फरक पडतो का?

जाऊ शकतो. ट्राय म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, आणि नियम करण्याआधी ती सगळ्यांचं ऐकून घेते ती खुली चर्चा. तिथे मी स्वतः बसलोय. कराडजवळ माझं रिचार्जचं छोटं दुकान आहे, टेलिकॉम धोरणाशी माझा संबंध तेवढाच.

जुलै 2024 मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांवर कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा प्रश्नांचा कागद, काढला. फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक असावा का, असा एक प्रश्न त्यात होता. हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज उभा असायचा. एक काका येतात, बटणाचा फोन, पाचचं बटण घासून पांढरं पडलेलं. दर महिन्याला म्हणायचे, "नेट कशाला घालतोस रे? पोरीचा फोन आला म्हणजे झालं." पण महिनाभर कॉल हवेत तर सोबत नेट घ्यावंच लागायचं. त्या फोनवर नेट चालतच नाही!

हे सगळं मी दीड पानात लिहिलं, भाच्याने इंग्रजी करून दिलं आणि ईमेलने पाठवलं. ट्राय सगळ्यांची मतं संकेतस्थळावर टाकतं, कंपन्यांचीसुद्धा. ती जरूर वाचा, कारण त्या मतांना उत्तर द्यायला आपल्याला वेगळी मुदत मिळते. असा वेगळा पॅक नको, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. तरी 23 डिसेंबर 2024 च्या नियमदुरुस्तीत तो देणं कंपन्यांना सक्तीचं झालं आणि अशा व्हाउचरच्या मुदतीची कमाल मर्यादा 90 दिवसांवरून 365 दिवसांवर गेली. माझ्या एका पत्राने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण काकांची गोष्ट सरकारी कागदावर गेली याचं मला खरंच समाधान आहे. दर मात्र कंपन्याच ठरवतात, त्यामुळे पॅक आला तरी माझ्या मते अजून महागच आहे.

आता खुल्या चर्चेचं. कोरोनानंतर बऱ्याच चर्चा ऑनलाइन होतात, म्हणजे दिल्लीला जायची गरज नाही. नोटीस निघाली की ईमेलने नाव नोंदवायचं. मी बसलो होतो तिथे कंपन्यांची माणसंच जास्त बोलली. माझं नाव आलं तेव्हा घसा कोरडा पडला होता. हिंदीत बोललो, दोन-तीन मिनिटं, आणि कोणी मध्येच थांबवलं नाही.

माझ्या मते लेखी मत जास्त कामाचं, आणि तेही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर हवं. डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचे वेगवेगळे दर चालतील का, असं विचारलं होतं. तेव्हा फेसबुकच्या फ्री बेसिक्सच्या, म्हणजे काही ठरावीक साइट्स फुकट देणाऱ्या योजनेच्या बाजूने एकाच साच्यातले लाखो मेल गेले, पण त्यांत मूळ प्रश्नांची उत्तरंच नव्हती. शेवटी 8 फेब्रुवारी 2016 ला असे दर लावायला बंदी आली, मोडली तर दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड.

स्वतःच्या बिलाची तक्रार मात्र तिथे नेऊ नका. त्यासाठी आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग तिथलंच अपील.

आणि मेलच्या मजकुरात मोबाइल नंबर, पत्ता लिहू नका. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी या मुद्द्यावर, ट्रायला दहा लाखांहून जास्त मेल गेले होते, तेव्हा पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही सगळ्यांना दिसतील असे टाकले गेले होते.