राजीनाम्याआधी एक ईमेल

प्रश्न: मी पिंपरीतल्या एका खाजगी कंपनीत नऊ वर्षे हिशेब विभागात आहे. कंपनीत सव्वाशेच्या आसपास माणसे आहेत. माझी 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली असताना वरिष्ठांनी फोनवर सांगितले, ‘आता तुम्हाला हलके काम देऊ, पदाचे नंतर बघू.’ बाळ अंगावर पिते, सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि पतींना जेमतेम तीन दिवस सुट्टी मिळाली होती. ते म्हणतात, ‘दोन वर्षे घरी थांब.’ राजीनामा द्यावा का?
– एक आई

उत्तर: ताई, त्या एका फोनवरून तरी देऊ नका. तोंडी बोललेले उद्या कोणीही नाकारेल, म्हणून वरिष्ठ आणि मनुष्यबळ विभाग या दोघांनाही आजच ईमेल पाठवा. रुजू होण्याची तारीख कळवा आणि ‘हलके काम’ म्हणजे नेमके काय, पद व पगार तेच राहणार ना, एवढेच विचारा. भाषा भांडणाची नको. स्त्री प्रसूती रजेवर असताना तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने बेकायदा ठरवले आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. वरिष्ठांना हे ठाऊक नसेलही, पण ‘पदाचे नंतर बघू’ हे वाक्य कागदावर लिहून द्यायला सहसा कोणी धजावत नाही.

त्याच ईमेलमध्ये पाळणाघराबद्दल विचारा. 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला 2017 च्या दुरुस्तीपासून ती सोय बंधनकारक आहे आणि आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येते. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा सवड मिळते, तीही मागून घ्या. घरून काम करणे हा हक्क नाही, ते आपसात ठरवायचे असते. पण महिनाअखेरीला कार्यालयात आणि एरवी काही दिवस घरून, असा प्रस्ताव हिशेबाच्या कामात अवास्तव वाटत नाही.

वरिष्ठांची कुरकुर मला अगदीच अनाकलनीय नाही. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेबाहेरच्या कर्मचारी स्त्रीचा रजेतला सगळा पगार मालकालाच द्यावा लागतो, आणि कायद्यातली ही उणीव मला खटकते. तिची भरपाई तुमच्या पदातून व्हावी, हे मात्र मुळीच मान्य नाही.

आता पतींविषयी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, तर खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस मिळत नाही, तेव्हा तीन दिवसांचा दोष त्यांच्याकडे जात नाही. पण त्यांच्या खात्यावर अर्जित रजा शिल्लक असेल, तर तुम्ही रुजू व्हाल तेव्हाचे पहिले दोन आठवडे त्यांनी ती घ्यावी. भाताची पेज, दुपारची झोप, सासूबाईंची औषधे हे सारे तेवढे दिवस त्यांच्याच हातून होऊ द्या आणि त्यानंतरच, दोन वर्षे कोणी घरी थांबायचे, हा विषय दोघांनी बोलायला घ्या.

आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर तोच ईमेल जोडून पुन्हा लिहा. पद खरोखरच काढून घेतले, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तिथे हा पत्रव्यवहार सोबत न्या.