'पगारकपात' की 'पगार तहकूब'?

भुसावळच्या एका वाचकभावाचा प्रश्न आला आहे. कोरोनात मैदानं बंद पडल्यावर युरोपातल्या फुटबॉल क्लबांनी खेळाडूंच्या पगाराचं काय केलं, यावर तो दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. इंग्रजी मजकुरात 'वेज कट', 'डिफरल' आणि 'फर्लो' हे शब्द सारखे येतात. पहिल्या दोन्हींना 'पगारकपात' म्हटलं तर चालेल का, फर्लोला काय म्हणावं, आणि आपल्याकडच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, 'खाडा' इथे बसेल का, असं त्यानं विचारलं आहे.

भाऊ, पहिल्या दोन्हींना एकच शब्द अजिबात वापरू नका. कपात झाली की पैसा गेला, त्यावर नंतर हक्क सांगता येत नाही. डिफरलमध्ये हक्क शाबूत असतो, फक्त तारीख पुढे जाते. मार्च २०२०च्या अखेरीस बार्सिलोनाच्या खेळाडूंनी आणीबाणीच्या काळापुरता ७० टक्के पगार कमी घ्यायचं मान्य केलं आणि क्लबच्या इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी भर घातली. ही कपात. पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या साउदॅम्प्टन क्लबच्या खेळाडूंनी एप्रिल ते जूनच्या पगाराचा काही भाग नंतर घ्यायचं ठरवलं. ती कपात नव्हे.

असा घोळ आपल्याकडेही त्याच सुमारास झाला होता. महाराष्ट्र शासनानं मार्च २०२०चा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं: अ आणि ब वर्गाला आधी ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण. बातम्या मात्र 'पगाराला कात्री' अशा झळकल्या आणि मग शासनाला खुलासा करावा लागला. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाच्या जिवाला त्या एका शब्दानं किती घोर लावला असेल!

डिफरलसाठी माझी पसंती 'तहकूब' या शब्दाला आहे. सभा तहकूब झाली म्हणजे ती पुन्हा भरणार, हे त्या शब्दातच आहे. महसुलात तर हा भेद जुनाच: दुष्काळात सारा 'तहकूब' होणं वेगळं आणि 'माफ' होणं वेगळं. तहकूब सारा पुढे भरावा लागे. आजच्या दुष्काळी सवलतींच्या यादीतही महसुलात 'सूट', पीककर्जाचं 'पुनर्गठन' आणि कर्जवसुलीला 'स्थगिती' असे तीन वेगळे शब्द असतात आणि आपला कापूसवाला शेतकरी ते तिन्ही नीट ओळखतो. 'वेतनस्थगिती' चुकीचं नाही, पण स्थगिती म्हटलं की कोर्टानं किंवा सरकारनं वरून लादलेली असा वास येतो. 'थकवला' म्हटलं तर देणाऱ्यावर ठपका येतो. साउदॅम्प्टनला दोन्ही बाजूंनी ठरवून पगार पुढे ढकलला होता. 'पगार तहकूब ठेवला' हेच तिथे चपखल बसतं.

हा नुसता कीस नाही. इटलीच्या युव्हेंटस क्लबचं प्रकरण तुमच्या लेखात जरूर घ्या. २८ मार्च २०२० रोजी क्लबनं जाहीर केलं की मार्च ते जून या चार महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम खेळाडू आणि प्रशिक्षक कमी घेणार, त्यातून सुमारे ९ कोटी युरोंचा भार हलका होणार. जगभर त्याची 'कपात' म्हणून बातमी झाली. पुढे तुरिनच्या सरकारी वकिलांनी तपास केला. त्यांचं म्हणणं असं, की खेळाडूंनी खरा सोडला तो एकच महिना, उरलेल्या तिनांचा पगार नंतर द्यायचा असं वेगळ्या कागदांवर ठरलं होतं. कपात असेल तर त्या वर्षाचा खर्च घटतो आणि तोटा कमी दिसतो. तहकूब असेल तर ते देणं आहे, हिशेबात दाखवलंच पाहिजे. क्लबनं आरोप नाकारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष आंद्रेआ अग्नेल्लींसह सगळं संचालक मंडळ पायउतार झालं. पगाराचं हे प्रकरण मे २०२३ मध्ये फुटबॉल महासंघाशी तडजोड करून ७,१८,२४० युरो दंडावर मिटलं. आणि एप्रिल २०२४ मध्ये लवादानं तेव्हा युव्हेंटसकडून खेळणाऱ्या रोनाल्डोला क्लबनं त्याच तहकूब पगारापोटी सुमारे ९७ लाख युरो द्यायला सांगितलं. कापलेला पगार असता तर रोनाल्डो मागणार काय?

आता फर्लो. हा शब्द मूळचा डच, अर्थ रजा. पण महाराष्ट्रात तो तुरुंगाशी जोडला गेला आहे. कैद्याच्या 'फर्लो'ला शासकीय मराठीत 'संचित रजा' म्हणतात. 'लिव्हरपूलचे कर्मचारी फर्लोवर' असं लिहिलंत तर जळगावचा वाचक दचकेल. ब्रिटनच्या कोरोनाकाळातल्या फर्लो योजनेत कामगार घरी बसायचा आणि सरकार त्याच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, भरायचं. खान्देश मिल, प्रताप मिलच्या जुन्या कामगारांना 'ले-ऑफ' माहीत असतो, पण त्यात निम्मी भरपाई मालक देतो. म्हणून 'सरकारी भरपाईची सक्तीची रजा' असं एकदा फोडून लिहा आणि मग नुसतं 'सक्तीची रजा' म्हणा. लिव्हरपूल क्लबनं ४ एप्रिल २०२० रोजी काही कर्मचाऱ्यांना अशा रजेवर पाठवायचा निर्णय घेतला आणि टीका होताच दोन दिवसांत मागे घेतला. खेळाडू त्यात नव्हतेच. ती रजा तिकीटखिडकीवरच्या आणि कचेरीतल्या माणसांसारख्यांची होती, हे लेखात स्पष्ट येऊ द्या.

खाडा नको. सालदार स्वतः कामावर आला नाही तर खाडा धरतात आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपताना त्याचा हिशेब होतो. इथे माणूस तयार होता, काम बंद होतं. स्वित्झर्लंडच्या सियों क्लबनं तर पगार कमी घ्यायला नकार दिला म्हणून मार्च २०२० मध्ये नऊ खेळाडूंचे करार तोडले. त्यांच्यासाठी 'कामावरून काढलं' हेच लिहा, त्याला गुळगुळीत शब्द शोधू नका.