करंट मारतो की व्होल्टेज?

"माणूस मरतो तो करंटने की व्होल्टेजने?" असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं वायरिंगची कामं करतोय, म्हणून खिशातल्या टेस्टरपासूनच सुरुवात करतो.

टेस्टर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला, लावून मागच्या टोपीवर बोट ठेवलं की दिवा लागतो, कारण २३० व्होल्टचा करंट तुमच्या अंगातून जमिनीत जात असतो. तरी काही जाणवत नाही. आत दहा लाख ओहमच्या आसपासचा, करंट अडवणारा रेझिस्टर असतो, त्यामुळे करंट जेमतेम पाव मिलिअँपियर (मिलिअँपियर म्हणजे अँपियरचा हजारावा भाग) वाहतो. तो रेझिस्टर नसेल, तर सगळी भिस्त तुमच्या कातडीवर. कोरड्या हाताचा रोध ५०,००० ओहम धरला तर साडेचार मिलिअँपियर, म्हणजे सणसणीत झटका. अंग ओलं असलं की रोध हजारावर येतो आणि करंट २३० मिलिअँपियर. म्हणजे मारतो करंटच, पण त्याला आत ढकलतं व्होल्टेज. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपियर देते, कोरड्या हाताला मात्र काही करत नाही.

एक मिलिअँपियरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे मूठ आवळली जाते आणि वायर सुटत नाही. "विजेने ओढून घेतलं" म्हणतात ते हेच. ओढत कोणी नाही, आपलेच स्नायू आखडतात. पन्नास ते शंभर छातीतून गेले, तर हृदय ठोके सोडून नुसतं थरथरायला लागतं.

एका पावसाळ्यात एका काकूंनी बोलावलं. कपडे वाळत घालायच्या तारेला दोन दिवस मुंग्या येत होत्या. पत्र्याच्या शेडवर घरातून शेडमध्ये नेलेली वायर घासून सोलली होती आणि तार त्याच शेडला बांधलेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. काका म्हणाले, "पण एमसीबी पडला नाही!" कसा पडेल? बोर्डावरचा हा आपोआप बंद होणारा स्विच १६ अँपियरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपियरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या वायरने, पूर्ण परत आला नाही की तो पडतो.

वायर बदलून तोही बसवला. आठवड्यात काकांचा फोन, "तुमचं मशीन खराब आहे, सारखं पडतं, काढून टाका." जाऊन गिझर उघडला, तर कॉइल फुटलेली, म्हणजे करंट पाण्यात गळत होता आणि मशीन बरोबरच पडत होतं.