इंग्रजीतील ‘चेक’ या एका शब्दाला इतके अर्थ कसे आले?

बँकेतला चेक, तपासणे या अर्थाचे ‘चेक करणे’ आणि चौकड्यांच्या कापडाला म्हणतात तो ‘चेक्स’, हे तीन वेगवेगळे शब्द आहेत की एकच, आणि चेक प्रजासत्ताकाच्या नावाशी त्यांचा काही संबंध आहे का, असा आपला प्रश्न आहे. बँकेच्या चेकचे ब्रिटिश स्पेलिंग निराळे असल्यामुळे मलाही तो पुष्कळ दिवस स्वतंत्र शब्द वाटत असे. प्रत्यक्षात पहिले तिन्ही एकाच मुळाचे आहेत आणि ते मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे.

फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात. समोरच्याच्या राजावर रोख धरला की ‘शाह’ असे म्हणून त्याला सावध केले जाई. मराठीत आपण ‘शह दिला’ म्हणतो तो हाच शब्द. (भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा ‘शाह’ आणि संस्कृतातला ‘क्षत्र’ एकाच धातूकडे जातात, त्यामुळे शब्द वाटतो तितका परका नाही.) फारसीतून तो अरबीत, तेथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये, मग जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ होऊन गेला आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’ झाला. खेळाचे ‘चेस’ हे नाव म्हणजे त्याच ‘एशेक’च्या अनेकवचनाचे इंग्रजी रूप. ‘चेकमेट’ म्हणजे अर्थातच ‘शाह मात’. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. परंतु फारसी ‘मात’चा ‘निरुपाय झालेला’ हा अर्थ मला अधिक पटतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही.

येथून पुढे शब्दाला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट खेळीची आहे. शह मिळाला की हातातले सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाची सोय पाहावी लागते, म्हणजेच चालता डाव अडतो. त्यावरून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे एकाएकी थांबवणे, मग आवर घालणे, मग कोणी गैरप्रकार करू नये म्हणून ठेवलेले नियंत्रण, आणि त्या नियंत्रणासाठी केलेली पडताळणी, असा अर्थ सरकत गेला. मराठीतला ‘शह’ विरोधकाला अडवण्यापर्यंत आला आणि ‘शह-काटशह’ करत तेथेच थांबला. इंग्रजी शब्द मात्र तपासनिसाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचला. तपासून झाल्याची जी खूण आपण ‘बरोबर’ म्हणून करतो, तिलाही अमेरिकेत ‘चेक’च म्हणतात.

दुसरी वाट पटाची आहे. पटावरच्या घरांवरून चौकड्यांच्या नक्षीला हे नाव मिळाले, त्यात फार सांगण्यासारखे नाही. खरी गंमत आहे ती इंग्लंडच्या राजकोषाची. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत आणि राजाचा हिशेब जेथे होई त्या खात्याचे ‘एक्सचेकर’ हे नाव त्यावरूनच पडले. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या खात्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे टेबल, त्यावर रेघा आखलेले काळे कापड, आणि त्या रेघांमुळे पडलेले स्तंभ: उजवीकडून आधी पेनी, मग शिलिंग, पौंड, वीस-वीस पौंडांचे गट, शेकडे आणि हजार. शेरीफने, म्हणजे परगण्यातला राजाचा महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, किती देणे आहे ते सोंगट्यांनी वर मांडायचे, त्याने किती भरले ते खाली मांडायचे आणि वरच्यातून खालचे वजा करायचे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे किती जिकिरीचे असते हे ज्याने करून पाहिले आहे, त्याला या सोंगट्यांचे मोल लगेच कळेल. फिट्झनील स्वतः या नावाचे आणखी एक कारण देतो: पटावर जशी दोन राजांची झुंज चालते, तशी येथे खजिनदार आणि शेरीफ यांची चालते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात.

बँकेच्या चेकमध्ये या दोन्ही वाटा एकत्र आल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा कागद नव्हे, तर त्याची मागे ठेवलेली स्थळप्रत. खोटा कागद पुढे आला तर तिच्याशी ताडून पाहता यावे, म्हणून ती ‘चेक’. हळूहळू स्थळप्रतीचे नाव मूळ कागदालाच लागले. पुढे ब्रिटिशांनी ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘क्यू’ घातला, तर अमेरिकनांनी साधे जुने स्पेलिंगच चालू ठेवले. अर्थ खेळीकडून आलेला आणि ब्रिटिश स्पेलिंग पटाकडून, असा हा प्रकार आहे.

राहिला चेक प्रजासत्ताकाचा प्रश्न. त्याचा या घराण्याशी काहीही संबंध नाही. ते तेथील स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे, आणि इंग्रजीत ते ‘सी-झेड’ने सुरू होते ते पोलिश लेखनपद्धतीमुळे. देवनागरीत दोन्ही शब्द ‘चेक’ असेच लिहिले जात असल्याने ते एक असल्याचा भास होतो, इतकेच.