आवडलं की नाही, ते मागाहून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अल्बम ऐकून तू लिहिलेली टिपणं वाचली. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’वर तू जेमतेम चार ओळी लिहिल्या आहेस आणि त्यातल्या दोन माफी मागण्यात गेल्यात. सगळे याला थोर म्हणतात, मला काहीच वाटलं नाही, माझीच समज कमी असेल. पुढच्याच पानावर एका पॉप अल्बमनं तुला रडवलं, तर तिथेही तू ओशाळलीस. एकीकडे रडू आलं नाही म्हणून लाज, दुसरीकडे आलं म्हणून लाज. आणि शेवटी मला विचारतेस, माझा कान कच्चा आहे का?

मला कसं कळणार? तुझ्या कानाला काय ऐकू आलं ते तू कुठे लिहिलंयस? शांत, जडशीळ, गोंगाट, जादुई, दहापैकी सात. यातलं एकही टिपण वाचून मला अल्बम ओळखता आला नसता. वर नाव होतं म्हणून कळलं.

म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि या पत्रात कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. आधी काय ऐकू आलं ते लिही. आवडलं की नाही, ते मागाहून.

कोल्ट्रेनचंच घेऊ. ९ डिसेंबर १९६४ रोजी चार वादकांनी हा अल्बम एका बैठकीत मुद्रित केला. सुरुवातीला गाँगचा नाद, सॅक्सोफोनची छोटी ललकारी, आणि मग जिमी गॅरिसन डबल बासवर चार सुरांचा एक तुकडा धरतो. तो तुकडा ऐकलास? गुणगुणून दाखवता येईल? नसेल येत, तर अजून तू अल्बम ऐकलेला नाहीस, फक्त तो चालू असताना त्या खोलीत होतीस. पुढे कोल्ट्रेन तोच तुकडा सॅक्सोफोनवर घेतो आणि पट्टी बदलत बदलत बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो. मग माणसाचा आवाज येतो आणि त्याच चार सुरांवर अल्बमचं नाव जपासारखं म्हणू लागतो. इतका वेळ जे वाजत होतं ते हेच होतं, हे तिथे उलगडतं. चौथा भाग तर आणखी निराळा. ठेका जवळजवळ विरून गेलेला, आणि सॅक्सोफोन लांब लांब वाक्यं बोलावीत तसा वाजतो. ती खरोखरच वाक्यं आहेत. कोल्ट्रेननं लिहिलेली प्रार्थनावजा कविता अल्बमच्या वेष्टनावर छापली आहे, आणि ती तो अक्षरागणिक वाजवतो. कविता समोर धर आणि ऐक.

एवढं करूनही मन हललं नाही, तर नाही हललं. तसं लिही. चार सूर सापडले, कविता सापडली, मी कोरडीच राहिले. असं टिपण मी मानानं वाचीन. ‘समज कमी असेल’ हे वाक्य मात्र खोड. त्यात नम्रता कमी आणि आळस जास्त आहे.

(पॉप अल्बमचंही तेच. रडू नेमकं कुठे आलं? शब्दाला, की त्या शब्दाच्या आधी ड्रम थांबले म्हणून? गायिकेचा श्वास माइकनं टिपलाय का? हे शोधायला लाज सोडून पुन्हा ऐकावं लागेल. ऐक.)

‘कॉल ऑफ द व्हॅली’वर तू लिहिलंस, ‘डोळे मिटून ऐकलं, खूप शांत वाटलं.’ डोळे मिटलेस ते ठीक, कान कशाला मिटलेस? १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. संतूरच्या तारेवर कलम, म्हणजे वाजवायची हलकी काडी, पडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. त्या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, सहज निघत नाही. काब्रा गिटारच्या तारांवरून धातूचा तुकडा सरकवतात, त्यामुळे त्यांचा सूर एका जागेवरून दुसरीवर घसरत जातो. बासरीचा सूर फुंक असेपर्यंत टिकतो. तिघांच्या सुरांचं आयुष्य वेगवेगळं आहे आणि एकाचा विझत असताना दुसरा तो उचलतो. तुझी शांतता बहुधा इथून येते. की तुला ती दुसरीकडून आली? मग ते सांग, मी वाद घालायला तयार आहे. ‘शांत वाटलं’शी वाद तरी काय घालणार?

‘जडशीळ’चंही कारण कानाला सापडतं. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त गिटारवादक टोनी आयोमीनं बऱ्याच गाण्यांसाठी गिटारच्या तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या आहेत. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या बोटांची टोकं गेली होती, सैल तारा त्याला सोप्या जात. तुला जाणवलेलं वजन म्हणजे त्या सैल तारा.

सगळ्यात आवडलं ते पब्लिक एनिमी या रॅप गटावरचं टिपण. ‘गोंगाट. डोकं दुखलं.’ निदान खोटं तरी नाही. आता कशानं दुखलं ते शोध. त्यांच्या ‘रिबेल विदाउट अ पॉज’ या गाण्यात किटलीच्या शिटीसारखी एक किंकाळी अखंड चालू असते. फंक गायक जेम्स ब्राउनच्या साथीदारांच्या एका जुन्या मुद्रणातला तो सॅक्सोफोनचा आवाज आहे, उचलून पुन्हा पुन्हा फिरवलेला. बोचावा म्हणूनच ठेवलाय. तुझं डोकं अगदी बरोबर जागी दुखलं, आणि तू पानभर लिहायचं सोडून दोन वाक्यांत पळालीस!

तू म्हणशील, हा म्हातारा हट्टाला पेटलाय. पेटलोच आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू, तिन्ही रचना, १९५९ च्या मूळ तबकडीवर किंचित जलद आणि म्हणून किंचित चढ्या सुरात होती, कारण मुद्रणाच्या वेळी टेपयंत्र जरा हळू चालत होतं. दुरुस्त प्रत आली १९९२ मध्ये. मधल्या काळात या अल्बमला मिळालेली विशेषणं मोजता यायची नाहीत. तबकडीसोबत वाद्य वाजवायला बसलेल्याचा सूर मात्र जुळत नसे. विशेषण लिहायला वाद्य जुळवावं लागत नाही, हीच तर पंचाईत आहे.

एका नियतकालिकात मी अल्बमांवर सदर लिहीत असे, हे तुला ठाऊक आहे. ते का थांबलं हे बहुधा ठाऊक नसेल. संपादकांनी प्रत्येक अल्बमला पाचपैकी तारे द्यायला सांगितले आणि मी नाही म्हटलं. मित्र म्हणाले, वर तारे टाक आणि खाली तुला हवं ते लिही, काय बिघडतंय? कदाचित काही बिघडलं नसतं. नंतर ऐकलेलं कितीतरी कुठेच उतरलं नाही, त्याची हळहळ वाटते, रात्री कधीकधी फारच वाटते. पण साडेतीन तारे एकदा ठरले की लिहिणाऱ्याचा कान बंद होतो आणि खालचा सगळा मजकूर त्या साडेतीनची वकिली करत बसतो, हे मला तेव्हाही पटलेलं होतं आणि आजही आहे. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी सांगत नाहीये. बरं, थोडं त्यासाठीही सांगतोय. तरी तुझं ते ‘दहापैकी सात’ दिसलं की अंगावर काटा येतो.

आवडनिवड नकोच असं मी म्हटलेलं नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ मध्ये मुद्रित केल्या आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिला अल्बम सुमारे ३८ मिनिटांचा, दुसरा ५१. काही फरक त्यानं नंतर घेतलेल्या पुनरावृत्तींमुळे पडतो, पण सुरुवातीची एरिया, म्हणजे ज्यावर पुढचे सगळे बदल रचलेत ती मूळ धूनच बघ, आधी दोन मिनिटांच्या आत संपते, नंतर तीन मिनिटांवर जाते. मला दुसरी आवडते, कारण तिथे तो एकेका सुरापाशी थांबतो आणि पुढचा सूर येईलच याची खात्री वाटत नाही. ज्यांच्या कानावर माझा विश्वास आहे अशा काहींना पहिली आवडते, आणि दुसरीतलं त्याचं ते मागून ऐकू येणारं गुणगुणणं त्यांना सोसवत नाही. आमचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि मजेत चालू आहे, कारण दोन्ही बाजूंना बोट ठेवायला जागा आहे.

तेव्हा आता असं कर. कोल्ट्रेन काही महिने बाजूला ठेवलास तरी चालेल, तो कुठे पळून जात नाही. गूल्डच्या दोन्ही एरिया लागोपाठ ऐक, मध्ये फोन न उचलता, त्यांच्याबद्दल काहीही न वाचता. मग लिहून पाठव. कोणती आवडली हे पहिल्याच परिच्छेदात दिसलं तर पुढचं वाचणार नाही. वाचीन, पण तांबड्या शाईनं. आणि गुण देऊ नकोस.

तुझा,
काका