पेटीत राणीमाशी दिसत नाही, अंडीही नाहीत. नवी राणी कुठून आणि कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की दोन पेट्यांपैकी एकीत राणी सापडत नाहीये, अंडी आणि लहान अळ्या नाहीत, थोडं झाकलेलं ब्रूड (ब्रूड म्हणजे कोठड्यांतली अंडी, अळ्या आणि कोष) तेवढं उरलंय आणि माश्या चिडखोर झाल्यात, तर राणी विकत मागवू का. मागवा हवं तर, पण आज नको. आज दुसऱ्या पेटीतली अंडी असलेली एक फ्रेम (पोळं बांधलेली चौकट) काढून या पेटीत घाला आणि चार दिवस थांबा. बाकी सगळं त्यानंतर.

आता हे का ते सांगतो. राणी दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं अजिबात नसतं. भरलेल्या पेटीत हजारो माश्यांमध्ये एक राणी शोधायची आणि ती उजेडापासून पळणारी, त्यात नुकती जन्मलेली, मिलन न झालेली कुमारी राणी असेल तर विचारूच नका, ती कामकरी माशीपेक्षा जरा लांब एवढंच, पोट अजून भरलेलं नसतं, आणि फ्रेमवर इतकी तुरुतुरु पळते की मुरलेल्या माणसाच्याही नजरेतून सुटते. अशी राणी आत असताना तुम्ही पैसे मोजून दुसरी राणी सोडलीत तर विकतची राणी मरणार हे जवळजवळ ठरलेलं. बहुतेक वाया गेलेल्या राण्या अशाच जातात, आणि मग दोष विकणाऱ्याला.

म्हणून राणी शोधत बसण्यापेक्षा ब्रूड वाचा, ते खोटं बोलत नाही. अंडं तीन दिवस अंडं असतं, मग साधारण पाच-साडेपाच दिवस अळी, मग कोठडीवर झाकण. म्हणजे अंडी दिसली तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी होती. अंडी नाहीत पण उघड्या अळ्या आहेत, तर अंडी थांबून तीन दिवसांच्या वर आणि आठ-नऊच्या आत. फक्त झाकलेलं ब्रूड असेल, म्हणजे तुमच्यासारखं, तर नऊ दिवसांच्या वर, आणि काहीच नसेल तर तीन आठवडे उलटून गेले, कारण कामकरी माशी २१ व्या दिवशी बाहेर येते (हे आकडे मेलिफेराचे, म्हणजे युरोपियन माशीचे, सातेरीत, म्हणजे आपल्या देशी माशीत, दिवस जरा कमी धरा). अंडी बघताना सूर्य पाठीमागे ठेवून फ्रेम जरा कलती धरा, उजेड कोठडीच्या तळापर्यंत गेला पाहिजे, अंडं म्हणजे तांदळाच्या दाण्याचं अगदी छोटं रूप, तेही पांढऱ्या नव्या मेणात लवकर दिसतच नाही. मोबाइलने फोटो काढून झूम करून बघितलं तर बरं पडतं.

आणि हो, फ्रेमच्या कडा आणि मधला भाग बघा राणीघरांसाठी, म्हणजे नवी राणी वाढवायच्या मोठ्या कोठड्यांसाठी. रिकामं राणीघर सापडलं तर त्याचं टोक नीट बघा. टोकाला गोल कापल्यासारखं असेल, कधीकधी झाकण एका बाजूला लटकतही असतं, तर त्यातून राणी सुखरूप बाहेर पडलीय. बाजूला भोक पाडलेलं असेल तर आतली राणी आधी निघालेल्या दुसरीने मारलीय. दोन्ही बाबतीत अर्थ एकच, तुमच्या पेटीत बहुधा राणी आहे, फक्त अजून घालायला लागलेली नाही. अशा वेळी आणखी एक खूण असते, ब्रूडच्या मधल्या भागातल्या कोठड्या माश्यांनी चाटून चकचकीत करून रिकाम्या ठेवलेल्या असतात, भोवती मध आणि परागकण पण मधे काही भरत नाहीत. उलट खरोखर राणी नसलेल्या पेटीत तीच जागा मकरंदाने भरून टाकलेली दिसते. शंभर टक्के नाही, पण बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. चिडखोरपणावर मात्र जाऊ नका, फुलोरा संपला, ढग आले, शेजारच्या माश्या मध लुटायला आल्या, कशानेही माश्या चिडतात.

आता ती फ्रेम. दुसऱ्या पेटीतली अशी फ्रेम घ्या जिच्यात अंडी आणि अगदी बारीक अळ्या आहेत. त्या पेटीची राणी फ्रेमवर नाही ना हे दोनदा बघा, मग त्याच पेटीत सगळ्या माश्या ब्रशने हळूच झाडून टाका आणि मोकळी फ्रेम बिनराणीच्या पेटीत मधोमध ठेवा. ऊन आणि वारा लागू देऊ नका, अळ्या लवकर सुकतात. फ्रेमवर चॉकने तारीख लिहा. दोन्ही पेट्या एकाच जातीच्या हव्यात हे सांगायला नको, सातेरीच्या पेटीत मेलिफेराची अंडी किंवा राणी हा प्रयोग करायचा नसतो. दुसरी पेटी नसती तर ओळखीच्या मधपाळाकडून एक फ्रेम मागून आणा म्हटलं असतं, फक्त त्याच्या पेट्यांत रोग नाही हे आधी बघून, कारण ब्रूडचे रोग फ्रेमबरोबरच प्रवास करतात.

तीन-चार दिवसांनी उघडा. फ्रेमवर खाली लोंबणारी, शेंगदाण्याच्या शेंगेसारखी राणीघरं बांधायला घेतली असतील तर राणी नाही, विषय संपला. काहीच बांधलं नसेल आणि अळ्या नेहमीसारख्या वाढत असतील तर आत राणी आहे (किंवा राणीची जागा घेऊन बसलेल्या अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या आहेत, त्यावर पुढे येतो), मग दोन-तीन आठवडे तिला घालायला लागायचा वेळ द्या. गंमत अशी की निकाल काहीही लागो, फ्रेम वाया जात नाही. त्या उघड्या ब्रूडचा वास कामकरी माश्यांच्या अंडाशयांना दाबून ठेवतो, त्यातून नव्या माश्याही मिळतात, आणि राणी नसेल तर राणी करायचं साहित्य तिथेच आहे. मला तर वाटतं दोन पेट्या ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, एकीचं ब्रूड दुसरीला कामी येतं.

राणीघरं दिसली की तुमच्यासमोर दोन वाटा.

पहिली, त्यांनाच राणी करू द्या. फुकट, आणि राणी त्यांचीच असल्याने स्वीकारायचा प्रश्न नाही. पण वेळ मोजा. अंड्यापासून राणी १६ दिवसांत, म्हणजे कोवळ्या अळीपासून केली तर साधारण १२ दिवसांत बाहेर येते, मग पाच-सहा दिवस अंग धरते, मग चांगल्या उबदार, शांत दुपारी उडून नरांशी मिलन, एकदोनदा बाहेर जाऊन दहा-वीस नर, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंडी. सगळं जमलं तर फ्रेम दिल्यापासून तीन-चार आठवडे, आणि तिच्या पहिल्या माश्या निघायला पुढे आणखी तीन. कामाच्या हंगामातली कामकरी जगते जेमतेम सहा आठवडे, त्यातले तुमचे काही आधीच गेलेत. म्हणून या काळात पंधरवड्याने आणखी एखादी झाकलेल्या ब्रूडची फ्रेम द्यावी लागते, नाहीतर राणी तयार होते आणि तिची पिल्लं सांभाळायला माश्याच नसतात. शिवाय हवेत नर हवेत. दुसऱ्या पेटीत नर फिरताना दिसत नसतील, नरांचं ब्रूड नसेल, किंवा सतत पाऊस किंवा थंडी असेल, तर ही वाट सोडून द्या. मिलन न झालेली राणी काही आठवड्यांनी घालायला लागते पण त्यातून फक्त नर निघतात.

या वाटेने जाणार असाल तर एक बारीक काम करा. फ्रेम दिल्यापासून चार दिवसांच्या आतच झाकण बसलेली राणीघरं मोडून टाका. घाईत माश्या मोठ्या अळ्यांवरही राणीघर उभारतात, त्यांना राणीचा खुराक सुरुवातीपासून मिळालेला नसतो आणि त्या राण्या कमजोर निघतात, पण निघतात सगळ्यात आधी आणि बाकीच्या चांगल्यांना मारून टाकतात. उरलेल्यांत लांब, जाड, वरून खडबडीत अशी एकदोन ठेवा. त्या फ्रेमला यापुढे झटका द्यायचा नाही, उलटी करायची नाही, आतल्या कोषाचे पंख बिघडतात.

तुमची दुसरी पेटी जर आत्ता फुटायच्या तयारीत असेल, म्हणजे जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडायच्या बेतात असेल आणि तिथे आधीच राणीघरं असतील, तर त्यासारखं सुख नाही. तिथलं पिकलेलं राणीघर, टोकाचं मेण खरवडून तपकिरी दिसायला लागलेलं, भोवतीच्या दोन बोटं मेणासकट कापून टोक खालीच ठेवून इकडे फ्रेमच्या मधे बसवा, एकदोन दिवसांत राणी बाहेर. बाजूंनी फॉइल गुंडाळायची, टोक उघडं ठेवायचं, माश्या फाडतात ते बाजूने.

दुसरी वाट, विकतची, मिलन झालेली आणि अंडी घालत असलेली राणी. हंगाम संपत आलाय, पेटी अशक्त झालीय किंवा नर नाहीत, तेव्हा मी हीच घेईन. विचारायचं एवढंच: जात कोणती, घालायला कधी लागली, या वर्षीची आहे का. पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर वर्ष कळतं, वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. राणी हातात आली की पिंजरा सावलीत ठेवा, जाळीवर पाण्याचा एक थेंब, मध नको, चिकटतो.

सोडायच्या आधी पेटीतली सगळी राणीघरं मोडा, एकही राहिलं तर माश्या त्याच्यावर आस लावून बसतात आणि पाहुणीला मारतात. इथे फ्रेम झटकून माश्या बाजूला करूनच बघावं लागतं, कोपऱ्यातलं एक हमखास सुटतं. मग पिंजरा ब्रूडच्या दोन फ्रेममध्ये असा अडकवा की जाळी माश्यांकडे उघडी राहील, मेणाला चिकटून बसणार नाही. खडीसाखरेच्या पिठासारख्या घट्ट कँडीने तोंड बंद असेल तर त्यावरचं झाकण सुरुवातीला काढू नका. तीन-चार दिवसांनी बघा पिंजऱ्यावर काय चाललंय. माश्या जाळीवर सैल बसल्यात, बोटाने हलकेच सारल्या की सरकतात, जिभा आत घालून राणीला भरवतायत, तर झाकण काढा, कँडी खाऊन त्या स्वतःच तिला मोकळी करतील. पण जाळीला गच्च चिकटून चावतायत, सारल्या तरी हटत नाहीत, तर राणी बाहेर आली की तिच्याभोवती गोळा करून मारतील. आणखी तीन-चार दिवस थांबा आणि कुठे राणीघर सुटलंय का परत शोधा. या दिवसांत पातळ साखरपाणी द्या, खायला येत असलं की माश्यांचा मूड बरा असतो. राणी सुटल्यावर आठवडाभर पेटी उघडायची नाही. हे सगळ्यांना सगळ्यात जड जातं.

तर आता अंडी घालणाऱ्या कामकरी. राणी जाऊन तीनेक आठवडे झाले आणि उघडं ब्रूड उरलं नाही की काही कामकरी स्वतःच घालायला लागतात, सातेरीत हे आणखी लवकर होतं. एका कोठडीत चार-पाच अंडी, तीही तळाऐवजी भिंतीला चिकटलेली, कारण कामकरीचं पोट तळापर्यंत पोचत नाही, आणि कामकरीच्या कोठड्यांवर फुगीर झाकणं, इकडे एक तिकडे एक. तुमच्याकडे झाकलेलं ब्रूड अजून आहे म्हणता, त्यावर फुगीर झाकणं नाहीत ना ते बघा. असली तर राणी विकत घेऊन घालूच नका, मारतात. आठवड्याला एक उघड्या ब्रूडची फ्रेम देत राहा, दोन-तीन फ्रेमनंतर त्या राणीघर बांधायला घेतात, तेव्हा बाजू पालटली समजायचं. पेटी दूर नेऊन माश्या झटकायच्या म्हणजे घालणाऱ्या परत येत नाहीत असं सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही, त्याही उडतात आणि घरही ओळखतात.

माश्या दोन-तीन फ्रेमच उरल्या असतील तर राणीचा खर्च करू नका. संध्याकाळी दुसऱ्या पेटीवर एक वर्तमानपत्राचा कागद पसरा, त्याला चार-पाच बारीक चिरा द्या, त्यावर ही पेटी ठेवून द्या. कागद कुरतडून होईपर्यंत वास एकमेकांत मिसळलेले असतात. ती पेटी ताकदवान झाली की हंगामात दोन करून घ्या.

आणि नवी राणी, घरची असो की विकतची, घालायला लागली की पहिल्या आठवड्यात एखाद्या कोठडीत दोन अंडी दिसली तर लगेच कामकरी म्हणून घाबरू नका, नव्या राण्या असं करतात. अंडी तळाशी आहेत का बघा आणि झाकणं बसेपर्यंत थांबा. झाकणं सपाट आणि सलग आली की काम झालं.